अर्धा कौल

मानपाडा, डोंबिवली पूर्व
९ नोव्हेंबर

ती. दादास,
धाकट्याचा नमस्कार.

परवा सकाळी उजाडता उजाडता मी नाक्यावर जाऊन उभा राहिलो. गावाकडून येणारी गाडी उशिरा आली. ड्रायव्हरने डिकीतून पोतं काढून माझ्या पायाशी ठेवलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "चांगदेवांचे भाऊ ना तुम्ही? आता काय, मोठी माणसं!" मोठी कशी, असं विचारलं तर नुसता हसला आणि गाडी घेऊन गेला. त्याचं ते हसणं घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून जाईना.

पोत्याचं तोंड तू स्वतः शिवलेलं होतंस. बाबांसारखी सुतळीची दुहेरी गाठ आपल्या घरात आता तुलाच येते. तीन वर्षं तू माझ्याशी बोललेला नाहीस. सखारामकाकांना काजूच्या बागेत हत्तीने मारलं, तेव्हा त्यांच्या तेराव्याला खडपाळ्याच्या लोकांनी अर्ज लिहिला: हत्ती पकडून न्या, नाहीतर आम्ही आमच्या पद्धतीने बघू. त्या शेवटच्या वाक्याखाली मी सही केली नाही. सगळ्या गावात एकट्या तुझ्या भावाची सही नाही, हे तुला लागलं. मला ते कळतं. पण तीन वर्षं ना फोन ना निरोप, ऐश्वर्याच्या बाळंतपणातही नाही, आणि आता एकाएकी पोतं. खोटं कशाला लिहू, आनंद व्हायच्या आधी मनात आलं, का?

वर नारळ, मग सुपारी, आमसुलं, खाली उकडे तांदूळ. तांदळात हात घातला तर तळाशी डबी लागली. डबीत कडं. काळ्या, जाड, तारेसारख्या केसांचं, दोन्ही टोकांना चांदीच्या टोप्या, तान्ह्या मुलाच्या मनगटाएवढं. हिने लगेच वहिनीला फोन लावला. वहिनीचा आवाज मलाही ऐकू येत होता. "सान्वीक धाडला गो. हत्तीच्या केसाचा असा. नजर लागणा नाय, झोपेत दचकणा नाय. देवीच्या कौलान मिळालेला, बिनघोर बांध."

संध्याकाळी ही स्वतः कळव्याला जाऊन ते नातीच्या हातात घालून आली. ऐश्वर्याने फोटो पाठवला. सान्वी कडं तोंडात धरून चोखते आहे.

दादा, तू बाळाची आठवण ठेवलीस, हे मी विसरणार नाही. दोनच गोष्टी विचारतो. केस कुठून आले? आणि सुपारी वर ठेवून डबी तांदळाच्या तळाशी का पुरलीस? कंपनीच्या गेटवर लोकांच्या पिशव्या तपासण्यात माझा जन्म गेला. जेवणाच्या डब्यात भाताखाली काही पुरलेलं सापडलं, की आम्ही त्या माणसाला बाजूला उभा करतो. सवय वाईट आहे. राग मानू नकोस.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तुझा,
महेंद्र


मानपाडा
१७ नोव्हेंबर

ती. दादास, नमस्कार.

माझ्या पत्राचं उत्तर तू वहिनीकडून हिच्या कानावर घातलंस. हत्ती कुंपणाला अंग घासतात, केस काट्यांना अडकून राहिले होते, ते गोळा केले. मी विश्वास ठेवला. खरंच ठेवला, कारण ठेवायचा होता.

मग गुरुवारी चहाच्या टपरीवर पेपर हाती आला. आपल्या गावाचं नाव छापून आलेलं बघून आधी बरं वाटलं, नंतर बातमी वाचली. खडपाळे येथे सुळेवाला हत्ती मेलेला आढळला. व्हाळाच्या काठी, सुपारीच्या बागेलगत. सापडला तोवर सडलेला, त्यामुळे कशाने मेला हे नक्की सांगता येत नाही. सुळे जागेवरच होते, ते खात्याने ताब्यात घेतले. शेपटीचे केस मात्र कोणीतरी कापून नेलेले. असे केस जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि कोणाला काही माहिती असेल तर जवळच्या वनखात्याच्या कचेरीत कळवावं, असं शेवटी होतं.

बाग कोणाची ते पेपरात नाही. मला ते पेपरात वाचायची गरज नाही. व्हाळाला लागून सुपारीची बाग बाबांनी लावली, तेव्हा कळशीने पाणी घालणारे आपण दोघेच होतो.

रविवारी मी कळव्याला गेलो. सान्वीला मांडीवर घेऊन कड्याच्या टोपीतून एक केस हळूच ओढून काढला. ऐश्वर्याने बघितलं.

"बाबा, काय करताय?"

"बघतोय, खरा आहे का."

"ऑनलाइन ढीगभर मिळतात. नायलॉनचे असतात."

"मग एक काढला तर काय बिघडलं?"

"तुम्हाला काकांचा राग आहे ना? तो माझ्या मुलीच्या हातावर काढू नका हं."

घरी आल्यावर दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावलं आणि केसाचं एक टोक ज्योतीवर धरलं. नायलॉन वितळलं असतं. हा जळला. नख जळल्यासारखा वास आला. देव्हाऱ्यात समोर गजमुखच आहे, दादा. मी हात जोडले, पण वर बघवलं नाही.

दुसरं टोक अजून माझ्याकडे आहे. सुरीने कापल्यासारखं सरळ. काट्याला अडकून तुटलेला केस असा नसतो, आणि काट्यावर कोणाला मूठभर केस मिळत नाहीत.

आता जे मनात येतं ते लिहितो. लिहिलं नाही तर ते आतच सडेल. हे कडं तू मायेने पाठवलंस, की मला गप्प करायला? एकदा घरातल्या लेकराच्या हातात ते गेलं, की महेंद्र कोणत्या तोंडाने बोलणार, असा तर विचार नव्हता? नसेल तर मला थोबाडीत मार. पण उत्तर दे.

महेंद्र


मानपाडा
२६ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "सान्वी माझी कोणी नाय काय? संशय घेणाऱ्याच्या घरात देव रवत नाय." हे वाचून मला रडू आलं, हे तुला सांगायला लाज वाटत नाही. तरी हे उत्तर नव्हे. कार्ड मी दोनदा उलटून बघितलं. मागे फक्त पत्ता होता.

रविवारी टेंभी नाक्याला आपल्या ग्रामस्थ मंडळाची सभा होती. मी हल्ली जात नाही, या वेळी मुद्दाम गेलो. दारात पाऊल टाकलं आणि बोलणं थांबलं. मग मंडळाच्या प्रफुल्लने खुर्ची पुढे केली. तुला माहीत आहे, मी सही केली नव्हती तेव्हापासून हा मला खुर्ची देत नाही. चहा आला, वर बिस्कीट आलं. इतक्या आदराने मी आणखीच सावध झालो.

"तुझ्या दादान गावाचा भला केल्यान," प्रफुल्ल माझ्या कानाशी म्हणाला. "आता आपण गप रवाचा. तोंड उघडला, की सगळ्या गावाक त्रास."

"काय केलं दादाने?"

"अरे, तू भाव त्याचो. तुका म्हायत नाय?"

"नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला खरंच माहीत नाही, की मी त्याची परीक्षा घेतोय, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने मोबाइल काढला. तुझ्याच बागेतल्या राखणीच्या माळ्यावरून कोणीतरी चित्रण केलेलं होतं. सकाळचं धुकं. हत्तीला जिथे पुरलं, त्या ताज्या मातीवर एक मादी उभी आहे. सोंड जमिनीला लावून हुंगते, पुढच्या पायाने माती जराशी सारते, थांबते. पुन्हा हुंगते. पिल्लू तिच्या पोटाखाली. खाणं नाही, मोडणं नाही. शेजारी केळी उभ्या होत्या, तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"घरवालीण इली बघ, तेरावा घालूक," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो, दादा. थोडंसं. सभेत हसावं लागतं.

"रोज येतत," प्रफुल्ल म्हणाला. "दावो धरल्यानी. दादा म्हणता, ह्यांचापण बंदोबस्त करूक होयो."

"कसा?"

"देवीक विचारून. पयला पण विचारूनच केल्यान ना. उजवो कौल होतो." मग माझा चेहरा बघून त्याने फोन खिशात घातला. "महेंद्र, एक सांग माका. तू गावचो काय हत्तीचो?"

सभेतून उठून तलावपाळीवर येऊन बसलो.

कौल. वहिनीनेही हाच शब्द वापरला होता. गावाच्या वतीने देवीला विचारायचं काम आपल्या घराकडे आहे, म्हणून मी तुला भाऊ म्हणून विचारत नाही, बाबांचा मुलगा म्हणून विचारतो. बाबा ओल्या कळ्या देवीच्या अंगाला लावायचे. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आपण दोघं खांबाला टेकून श्वास धरून बसायचो. बाबा काय सांगायचे? देवीला पूर्ण विचारायचं. अर्धं विचारलं, तर ती अर्ध्याचंच उत्तर देते आणि उरलेलं माणूस आपल्या मनाने भरतो. पहिल्यांदा घाट उतरून हत्ती आले, तेव्हा त्यांनी विचारलेलं मला आठवतं: "आई, हाकलू काय? डबे वाजवू काय? जीव घेऊ काय?" तीन वेळा कळ्या लावल्या. तिसऱ्या वेळी डावी पडली, आणि बाबांनी कोणालाही बंदूक काढू दिली नाही.

तू काय विचारलंस? एवढंच कळव. शब्द न् शब्द.

महेंद्र


मानपाडा
२ डिसेंबर

दादा,

काल तू स्वतः फोन केलास. मी कंपनीच्या गेटवर होतो, बाजूला ट्रक सुरू होता, तरी सगळं ऐकू आलं. ते जसंच्या तसं लिहून पाठवतो. उद्या तू म्हणालास की असं बोललोच नाही, तर हा कागद तुझ्याकडे असावा. इतका मी तुझ्यावर अविश्वास धरू लागलो आहे.

मी विचारलं, देवीला काय विचारलंस?

तू म्हणालास, "बाग राखूची असा, हुकूम दी."

"मारायचं विचारलंस?"

"बाग राखूची म्हणजे काय रे? नमस्कार करून राखूची?"

"कुंपणाला झटका मशीन लावलं होतंस, की थेट लाइनीवरून आकडा टाकला होतास?"

तू म्हणालास, "तू लायनमन कधी जालस?"

दादा, झटका मशीनने हत्ती मागे सरकतो, मरत नाही. तुला ते ठाऊक आहे. आणि तू नाही म्हणाला नाहीस.

पुढे तू जे बोललास तेही लिहितो, कारण ते खरं आहे. "तुझी वयनी पावसाळो सरल्यापासून धड झोपाक नाय. गोठ्याची भिंत पाडल्यान. बाबांनी लायलेल्यो सुपाऱ्यो एका रातीत आडव्यो केल्यान. सखारामकाकाक मी उचललंय, तू नाय. तू थय बसून हत्तीक हात जोडतंस. तुझ्या दारात येऊ दे, मगे बघूया तुझी भक्ती."

माझ्या दारात टँकर येतो, हत्ती येत नाही. वहिनी जागी राहिली, तेव्हा मी इथे पंख्याखाली झोपलेलो होतो. तुझ्या जागी मी असतो, तर काय केलं असतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पण तू फोन ठेवताना म्हणालास, "ती दोघां दावो धरून येतत. येत्या पुनवेक परत कौल लावतलंय." माझा जीव तिथे अडकला आहे. मी ते चित्रण बघितलं आहे. दावा धरलेलं जनावर असं येत नाही. बाबा गेल्यावर आई त्यांच्या रिकाम्या खाटेवरून हात फिरवायची, ते तुला आठवत असेल. मला त्या मादीची सोंड बघून तेच आठवलं. माझं चुकतही असेल. मी काही हत्तीतला जाणकार नाही. पण ती केळी न खाता उभी होती, एवढं तर तुझ्याही डोळ्यांना दिसलं असेल.

कौल लाव. मी नको म्हणत नाही. फक्त या वेळी पूर्ण विचार. असं विचार: "आई, ही मादी आणि हे पिल्लू मी मारू काय?" बस्स. मध्ये बाग आणू नकोस. हे शब्द देवळात, गावासमोर, मोठ्याने तुझ्या तोंडातून निघाले आणि तरी उजवी कळी पडली, तर मी यापुढे तुला एक अक्षर लिहिणार नाही.

तुझ्या तोंडातून ते निघणार नाहीत, असं मला वाटतं. मी अजून तुझा भाऊ आहे तो त्या भरवशावर.

महेंद्र


मानपाडा
९ डिसेंबर

दादा,

परवा दुपारी प्रफुल्ल माझ्या कंपनीच्या गेटवर आला. एवढ्या लांब तो सहज येणारा माणूस नाही. पानाचा विडा पुढे करून म्हणाला, "झाला. पुनवेक दादान कौल लायल्यान. उजवो दिल्यान देवीन."

मी विचारलं, "काय विचारलं?"

"तोच. बाग राखूची असा."

"मादीचं नाव घेतलं? पिल्लाचं?"

"तेंचा कित्याक नाव घेवक होया?" तो म्हणाला. मग जरा जवळ येऊन, "आयतवारपासून कुंपणाक लाइन सोडतलो. तू काय बोला नको हां. तुझ्या घरात पण केस असत. नातीच्या हातात."

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. दादा, तू सांगितलंस, की गावभर बोलणं होतं? कड्यामागे माया होती की गाठ होती, याचा छडा मला आजही लागलेला नाही. दोन्ही असेल. बाबांची सुतळीची गाठही अशीच असायची, पोतं सांभाळणारीही तीच आणि उघडताना बोटं सोलणारीही तीच.

माझं शेवटचं पत्र तुला वेळेत मिळालं, हे मी वहिनीकडून हिच्यामार्फत काढून घेतलं. तू ते वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि देवळात गेलास. माझे शब्द खिशात असताना तू पुन्हा अर्धंच विचारलंस. पहिल्या वेळी तुझी चूक झाली, असं मी धरून चाललो होतो. या वेळी तू मुद्दाम केलंस. पूर्ण विचारलं तर काय उत्तर येईल, हे तुलाही माहीत आहे, म्हणूनच विचारलं नाहीस.

काल मी कळव्याला गेलो. ऐश्वर्या स्वयंपाकघरात होती. सान्वीच्या हातातलं कडं मी काढलं. तिने माझं बोट धरून ठेवलं होतं, ते सोडवताना वेळ गेला. कड्याच्या जागी काळा दोरा बांधला. उभी हयात गेटवर दुसऱ्यांच्या पिशव्या तपासल्या आणि लेकीच्या घरातून वस्तू खिशात घालून निघालो. जिन्यात पोचलो, तेव्हा वरून तिचा आवाज आला, "बाबा!" मी थांबलो. ती कठड्यावरून वाकून बघत होती, कडेवर सान्वी. तिने दोरा बघितला होता. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "प्रफुल्लकाकांनी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय. मी बघितला." एवढंच. आणि आत गेली.

घरी हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत. "वहिनीचा फोन आला तर मी उचलणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही उचला. तुम्हीच सांगा तिला."

आज सकाळी अंघोळ करून ठाण्याला निघालो. वाटेत देवळापाशी थांबलो. आत गेलो, नमस्कार केला, काही विचारलं नाही. विचारायचं ओठावर आलं होतं. पण मी आपल्याच घरचा आहे, मीही अर्धंच विचारलं असतं: "आई, भावाचं घर राखू काय?" कोणता देव याला नको म्हणेल?

वनखात्याच्या कचेरीत एक तरुण कारकून बसला होता. मी डबी टेबलावर ठेवली. त्याने झाकण उघडलं, बघितलं आणि उठून दार लोटून घेतलं. साहेबांना बोलावलं. मी सगळं सांगितलं. आकडा, व्हाळाकडचं कुंपण, रविवारची लाइन, मादी आणि पिल्लू. वहिनीचं नाव घेतलं नाही. पोतं तुझ्या हातचं होतं, एवढंच सांगितलं. साहेबांनी तिथूनच तुमच्याकडच्या कचेरीला फोन लावला. हे पत्र तुझ्या हाती पडेल, तोवर ते लोक येऊन गेलेले असतील. तसं ठरवूनच मी ते आज टपालात टाकतो आहे. आधी कळवलं असतं, तर तू वायर गुंडाळून ठेवली असतीस आणि ते लोक परत गेल्यावर पुन्हा ओढली असतीस. तुझ्यावर माझा इतकाही विश्वास उरलेला नाही.

वकिलाची गरज लागली, तर इथून मी बघतो. वहिनीला भीती वाटली, तर इकडे घेऊन ये, नाहीतर मी न्यायला येतो. तू मला दारात उभा करणार नाहीस, हे धरूनच येईन.

शेवटी साहेब जबाब लिहायला बसले. माझं नाव, पत्ता, नोकरी. मग विचारलं, "हे चांगदेव तुमचे कोण?"

"थोरले भाऊ."

"चुलत?"

"सख्खे."

त्यांनी पेन उचलून धरलं आणि माझ्याकडे बघितलं. "लिहू?"

"लिहा," मी म्हणालो, "पूर्ण लिहा," आणि खाली सही केली.

महेंद्र